ओव्हन नंतर घ्या, आधी विरजण तपासा



माझ्याकडे धंद्याचं पहिलं बजेट घेऊन येणाऱ्या बहुतेकांच्या कागदावर पहिली ओळ मशिनची असते. ओव्हन, मिक्सर, ग्राइंडर, फ्रीजर. ज्या जिवंत गोष्टीवर सगळा माल फुगणार, म्हणजे यीस्ट किंवा दह्याचं विरजण, तिच्यासाठी मात्र एक ओळही नसते. माझं मत स्पष्ट आहे. आंबवण्यावर चालणाऱ्या धंद्यात ही ओळ सगळ्यात वर पाहिजे.

हे कोणाकडून शिकायचं? घरी बिअर बनवणाऱ्यांकडून! दचकू नका. आपल्या महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवणं हा गुन्हा आहे, त्यामुळे हा धंदा सुचवत नाहीये. पण अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्यानंतर स्वतःपुरती बिअर घरी बनवण्याचा छंद चांगलाच वाढला. त्या लोकांची एक शिस्त आपण उचलायची. तिला ते 'यीस्ट स्टार्टर' म्हणतात. आपल्या भाषेत, यीस्टचं विरजण.

हिशोब बघा. ताज्या लिक्विड यीस्टच्या पाकिटात साधारण १०० अब्ज पेशी असतात. २० लिटर साध्या एल बिअरला लागतात सुमारे १८० अब्ज, आणि लागर असेल तर त्याच्या दुप्पट. पाकीट जुनं असेल तर जिवंत पेशी आणखी कमी. मग यीस्टला उशीर होतो, मधल्या वेळात नको ते जंतू शिरतात, चव बिघडते, कधी आंबण्याची क्रिया अर्ध्यावरच थांबते.

म्हणून ते एक-दोन दिवस आधी छोटी तयारी करतात. १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम माल्ट पावडर घालून दहा-पंधरा मिनिटं उकळायचं, खोलीच्या तापमानाला आणायचं, निर्जंतुक भांड्यात ओतून त्यात यीस्ट सोडायचं. वर फॉइल सैल झाकायची आणि अधूनमधून हलवत राहायचं. एक-दीड दिवसात तळाला पांढरट साका वाढलेला दिसला की यीस्ट जिवंत आहे आणि वाढलंय. वाढलंच नाही, तर गेलं काय? १०० ग्रॅम माल्ट आणि एक पाकीट. २० लिटर माल वाचला.

यात आणखी एक शहाणपण आहे. ड्राय यीस्ट असेल तर हेच लोक सहसा स्टार्टर करत नाहीत, कारण त्या पाकिटात पेशी भरपूर असतात. म्हणजे तपासणी कुठे करायची आणि कुठे वेळ वाचवायचा, हे त्यांना माहीत असतं.

"हे छंदवाल्यांचं झालं, धंद्यात कुठे एवढा वेळ असतो?" असं तुम्ही म्हणाल. मग मोठ्यांचं ऐका. कार्ल्सबर्ग कंपनीने कोपनहेगनमध्ये १८७५ साली स्वतःची प्रयोगशाळा काढली. तिथे १८८३ मध्ये एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. कंपनीने ते इतर ब्रुअरींनाही दिलं. एवढ्या मोठ्या कारखान्याला यीस्टकडे लक्ष द्यावंसं वाटलं, तर आपण कोण लागून गेलो?

आता तुमच्या धंद्याकडे या. पावाचं यीस्ट आणि एल बिअरचं यीस्ट मुळात एकाच जातीचं. समजा, पहाटेच्या ऑर्डरसाठी तुम्ही ५ किलो मैदा मळला आणि उघडून ठेवलेलं यीस्ट मेलेलं निघालं. मैदा गेला, गॅस गेला, मजुरी गेली. आणि खरं नुकसान वेगळंच. सकाळी वडापाववाला तुमची वाट बघत बसत नाही, तो शेजारच्या बेकरीत जातो. दुसऱ्या दिवशी परत येईलच याची खात्री नाही. बँकेचा हप्ता मात्र ठरलेल्या तारखेला येतो.

म्हणून आजपासून तीन कामं करा.

१. पाकीट उघडलं की त्यावर तारीख लिहा, घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवा.

२. जुन्या पाकिटातलं चमचाभर यीस्ट अर्धा कप कोमट पाण्यात चिमूटभर साखरेसोबत टाका. दहा मिनिटांत फेस आला नाही, तर ते पीठात घालू नका.

३. दही विकत असाल तर रोजच्या मालातून उरलेलं दही विरजण म्हणून वापरू नका. चांगल्या घाण्यातलं थोडं दही स्वच्छ डब्यात वेगळं काढून ठेवा. इडलीचं पीठ विकत असाल तर थंडीत आधी वाटीभर पीठ ठेवून किती तास लागतात ते बघा, मगच डिलिव्हरीची वेळ द्या.

यासाठी लागते एक वही आणि दिवसाची दहा मिनिटं. महिनाभर नोंद ठेवा, किती घाणे वाया गेले ते मोजा आणि मग ती वही घेऊन ओव्हनच्या कोटेशनवर बोलू.