घरचा हिशेब : साडेतीन टक्क्यांचे कार्ड



मागच्या आठवड्यात आमच्या शेजारचे भाऊसाहेब संध्याकाळी घरी आले. त्यांचा थोरला मुलगा सुप्याच्या एमआयडीसीत कामाला आहे. त्याला एका बँकेने क्रेडिट कार्ड देऊ केले होते. सोबत रंगीत पुस्तिका होती. पहिल्या वर्षी फी नाही, डिझेलवर सूट, दर खरेदीला बक्षिसाचे गुण, विमानतळावर फुकट चहापाणी, असे बरेच काही तीत छापले होते.

भाऊसाहेब म्हणाले, "पोरगं म्हणतंय, औंदा कांद्याचं बी, खत, औषध सगळं या कार्डावर उचलू. पन्नास हजारांपर्यंत मिळतंय. सोसायटीच्या कर्जाला असले फायदे कुठं आहेत?"

मी विचारले, "आणि व्याज?"

"फक्त साडेतीन टक्के. सोसायटीच्या निम्मं!"

मी चष्मा लावून पुस्तिका चाळली. शेवटच्या पानावर, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, साडेतीन टक्क्यांच्या पुढे एकच शब्द होता : दरमहा.

मंडळी, या एका शब्दात सगळी गोम आहे. बँक पीक कर्जाचे व्याज सांगते ते वर्षाचे. सावकार सांगतो ते शेकड्याचे, म्हणजे शंभर रुपयांना महिन्याला किती ते. कार्डाचे व्याजही महिन्याचेच असते. बहुतेक कार्डांवर ते दरमहा तीन ते पावणेचार टक्क्यांच्या आसपास पडते. शेकडा साडेतीन म्हणजे वर्षाला ४२ रुपये. आपल्या गावातला सावकार तरी यापेक्षा फार वेगळे काय घेतो?

आता भाऊसाहेबांच्या कांद्याचा हिशेब मांडू. रोप टाकण्यापासूनचा खर्च साधारण नोव्हेंबरात सुरू होतो. माल निघतो एप्रिलात. म्हणजे पैसा किमान सहा महिने अडकला. पन्नास हजारांवर दरमहा साडेतीन टक्क्यांनी साधे व्याज धरले तरी सहा महिन्यांचे १०,५०० रुपये होतात. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १,८९०. शिवाय दर महिन्याला किमान रक्कम भरावीच लागते. ती चुकली की दंड वेगळा.

तेच पन्नास हजार पीक कर्जाचे असतील, तर सात टक्के वार्षिक दराने सहा महिन्यांचे व्याज १,७५० रुपये. आणि कार्डाचे एका महिन्याचे व्याज किती? तेही १,७५०! सोसायटी सहा महिन्यांत जेवढे घेते, तेवढे कार्ड एका महिन्यात घेते.

फायद्यांचाही हिशेब करू, कारण ते अगदीच खोटे नसतात. खरेदीवर एक टक्का परत मिळतो असे धरले, तर पन्नास हजारांवर ५०० रुपये झाले. दोन हजारांच्या डिझेलवर एक टक्का म्हणजे २० रुपये. विमानतळ आपल्या जिल्ह्यातही आहे. काकडीला २०१७ पासून विमाने उतरतात. पण वर्षातून किती वेळा आपण तिथे चहा प्यायला जाणार? फायदा शेकड्याला एकदाच एक रुपया, आणि व्याज दर महिन्याला साडेतीन. पहिलाच महिना चुकला की बक्षिसाच्या साडेतीनपट रक्कम गेली.

म्हणून हे कार्ड वाईटच, असे मी म्हणणार नाही. खरेदीपासून जास्तीत जास्त ४५-५० दिवसांत पूर्ण बिल भरले, तर व्याज लागत नाही. ज्याचा पगार महिन्याच्या महिन्याला येतो आणि जो पै न् पै वेळेवर भरतो, त्याला ते सोयीचे आहे. थोडी जरी बाकी राहिली, तर खरेदीच्या दिवसापासून व्याज चढते. मशीनमधून रोख काढली, तर त्याच दिवसापासून व्याज आणि वर वेगळी फी. नोकरदाराचे वर्ष महिन्याचे असते, शेतकऱ्याचे हंगामाचे. महिन्याचे कार्ड हंगामाच्या शेतीला जुंपले की जू मानेला रुतते.

शेतकऱ्याच्या वर्षाला जुळणारे कार्ड वेगळे आहे. १९९८ साली किसान क्रेडिट कार्ड सुरू झाले. त्याची फेड पिकाच्या हंगामाप्रमाणे ठरते. मंजूर रकमेपैकी जेवढी उचलाल आणि जितके दिवस वापराल, तेवढ्याचेच व्याज. तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला सात टक्के व्याज आहे. मुदतीत फेडणाऱ्याला केंद्राची तीन टक्के सवलत मिळते, म्हणजे चार टक्केच पडतात. त्यावर राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज वेळेत फेडणाऱ्याला शून्य टक्क्याने द्यायचे, असे राज्याने २०२१ मध्ये ठरवले. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंत तारणाची अट नाही. गाई-म्हशींच्या खर्चासाठीही हे कार्ड मिळते. सोसायटीमार्फत घेतलेल्या पीक कर्जालाही या सवलती आहेत. भाऊसाहेबांना "असले फायदे" हवे होते. ते त्यांच्या घरातच होते, फक्त रंगीत कागदावर छापलेले नव्हते.

पण इथेही एक खड्डा आहे. सगळी गोडी "वेळेत" या शब्दात आहे. मुदत टळली की सवलत गेली. म्हणून गावोगाव नवं-जुनं चालते. मुदतीच्या तोंडावर सावकाराकडून लाखभर उचलायचे, बँकेत भरायचे, आठ-दहा दिवसांत नवे कर्ज मिळाले की सावकाराला परत द्यायचे. सावकार दिवस मोजत नाही, पुरा महिना धरतो. शेकडा तीनने एक लाखाचे ३,००० झाले. आणि केंद्राची वेळेत फेडीची तीन टक्के सवलत किती? वर्षभराच्या एक लाखावर ३,०००. म्हणजे सरकारने एका हाताने दिले, ते आपण दुसऱ्या हाताने सावकाराच्या ओट्यावर ठेवून आलो.

हे टाळायचे तर मुदतीची तारीख पेरणीआधीच माहीत हवी. सगळा कांदा चाळीत भरून भावाची वाट पाहण्याआधी कर्जापुरत्या गोण्या विकाव्यात. दर दहा दिवसांच्या दुधाच्या बिलातून थोडे खात्यावर टाकत जावे. घरातल्या बाईला ही तारीख सांगून ठेवावी. पुरुषमाणूस विसरेल, ती विसरत नाही, हा माझा अनुभव आहे.

न वाचता कागदावर अंगठा उठवण्याची किंमत आपल्या जिल्ह्याने फार पूर्वी मोजली आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. ती आग पारनेर, श्रीगोंदे, कर्जतपर्यंत आली. लोकांचा राग मुख्यतः त्या कागदांवर होता, कारण त्यांत काय लिहिले आहे ते सावकारालाच ठाऊक असे. पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि कोर्टाला रोख्यामागचा खरा व्यवहार तपासता येऊ लागला. आज आपली मुलेबाळे लिहिती-वाचती आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कार्डाच्या अर्जासोबत व्याज आणि आकार सांगणारा एक पानाचा तक्ता द्यावाच लागतो. न मागता कार्ड गळ्यात मारता येत नाही. मग तो तक्ता मागून घ्यायला लाजायचे कशाला?

कोणतेही कार्ड घेताना चार गोष्टी विचारा. व्याज महिन्याचे की वर्षाचे? एक दिवस चुकला तर काय लागेल? वर्षाची फी किती? आणि माझा पैसा येईल त्या तारखेला फेड बसते का? या चारांची उत्तरे कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. फायद्यांचे पान त्यानंतर उघडा.

भाऊसाहेबांच्या मुलाने शेवटी कार्ड घेतले, पण छोट्या मर्यादेचे आणि स्वतःच्या पगारापुरते. कांद्याच्या बियाण्याचे पैसे सोसायटीतूनच उचलायचे ठरले. फेडीची तारीख वहिनींनी देव्हाऱ्याजवळच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवली आहे.