भ्रूणाचा व्हिडिओ आणि वाढलेलं बिल

आयव्हीएफ करताय? मग 'टाइम-लॅप्स'चा जादा खर्च तुम्हालाही सुचवला जाऊ शकतो. यात इन्क्युबेटरमध्येच सूक्ष्मदर्शक आणि कॅमेरा असतो. तो दर काही मिनिटांनी भ्रूणाचा फोटो काढतो. पेशींचं विभाजन कधी झालं, हे भ्रूण बाहेर न काढता कळतं. यंत्र सुंदर आहे. माझा आक्षेप यंत्राला नाही, "यानं मूल होण्याची शक्यता वाढते" या वाक्याला आहे.

खरंच वाढते का? २०२४ साली 'द लॅन्सेट'मध्ये ब्रिटन आणि हाँगकाँगमधल्या सात केंद्रांची चाचणी प्रसिद्ध झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा १५७५ स्त्रिया तीन गटांत वाटल्या होत्या. जिवंत बाळ जन्मण्याचं प्रमाण टाइम-लॅप्स गटात ३३.७ टक्के होतं, तर नेहमीच्या पद्धतीत ३३ टक्के. ज्या गटात तोच इन्क्युबेटर वापरला पण फोटोंवरून निवड केली नाही, तिथे ते ३६.६ टक्के होतं! हे फरक निव्वळ योगायोगानंही पडू शकतात.

यात नवल नाही. कॅमेरा भ्रूण पाहतो, सुधारत नाही. स्त्रीचं वय आणि अंड्याची प्रत लेन्सनं बदलत नाही.

प्रयोगशाळेनं हे यंत्र जरूर घ्यावं. भ्रूणतज्ज्ञाचं काम त्यानं सोपं होतं. पण त्याचा खर्च यशाची आशा दाखवून तुमच्या बिलात लावू नये.

सही करण्याआधी एवढंच विचारा : "हे घेतलं नाही, तर माझी शक्यता कितीनं कमी होईल?" उत्तरात आकड्याऐवजी व्हिडिओ दाखवला, तर ते पैसे पुढच्या सायकलसाठी राखून ठेवा.