शोधाची जागा यंत्रास विचारावी कीं शेतकऱ्यास?

गतवर्षीं गव्हाची कापणी आटोपल्यावर इंग्लंडांतील सफोक परगण्यांत एका शेतकऱ्याच्या रानांत सुमारें साठ माणसें धातुशोधक यंत्रें घेऊन जमलेलीं मीं पाहिलीं. माझी कन्या तिकडे असते. जांवयांनीं हौसेनें मला तेथें नेलें. माझा जन्म महसूल दप्तरांत फाळणी नकाशे व हद्दींचे वाद हाताळण्यांत गेला. त्यामुळें शेत दिसलें कीं आधीं त्याचा बांध पहावा, ही खोड मला जडली आहे. सबब त्या दिवशीं यंत्रांपेक्षां माणसें कोठें उभीं राहतात इकडेच माझें लक्ष अधिक होतें. त्यावरून माझें जें मत झालें, तें या मासिकाच्या वाचकांपुढें ठेवीत आहें.

या उद्योगाची रीत अशी कीं, हौशी मंडळी शेतकऱ्याची परवानगी आगाऊ घेतात, माणशीं ठरलेली फी भरतात आणि पीक निघाल्यापासून पुढील पेरणी होईपर्यंतच्या मोकळ्या दिवसांत एखादा रविवार धरून सकाळीं फाटकाशीं गोळा होतात. यंत्राच्या टोंकास ताटाएवढें वाटोळें कडें असतें. त्यांतून चुंबकीय लहर जमिनींत जाते आणि धातु आड आला कीं कानांत आवाज उमटतो. एकटें नाणें असेल तर या यंत्राची धांव वीतभर, फार तर त्याहून थोडी अधिक. म्हणजे नांगराचा फाळ जेवढी माती उलथतो, जवळजवळ तेवढ्याच थरांत हा सारा शोध चालतो. आतां रान सत्तर-ऐंशी एकरांचें, कडें ताटाएवढें आणि दिवस एकच! या हिशेबांत यंत्र किती किंमतीचें आहे यापेक्षां तें घेऊन माणूस कोठें उभा राहतो, यावरच सारें अवलंबून असतें, हें सांगावयास पंडित नको.

तरी फाटक उघडतांच बहुतेकांनीं काय केलें? मागल्या खेपेस वरच्या टेकाडावर कोणास सोन्याचें नाणें सांपडलें होतें, अशी कुजबूज सकाळपासून चाललेली होती. झालें, चाळीस माणसें तिकडे धांवलीं व एकमेकांच्या पावलांवर पाऊल टाकून तेवढेंच टेकाड दुपारपर्यंत चाळीत बसलीं. जे उरले त्यांतील कित्येक चहाच्या गाडीपासून फार लांब गेलेच नाहींत. दुपारीं पिशव्या उलटल्या तेव्हां काडतुसांचीं बुडें, कोटाचीं बटणें व नालांचे तुकडे निघाले. पलीकडच्या एका शेतांत तर शहरच्या कचऱ्याचें खत टाकलेलें होतें. त्यांतील पत्र्याच्या कपच्यांमुळें यंत्र पावलागणिक ओरडे व धरणारा कपाळास हात लावी. (शहराचें खत फुकट मिळालें तरी चाळल्यावांचून शेतांत घेऊं नये, हें आम्हांसही लागू आहे. पण तो विषय निराळा.)

एक वृद्ध गृहस्थ मात्र यंत्र खांद्यावर टाकून अर्धा तास शेतकऱ्याशींच बोलत उभे होते. फाळ दगडास कोठें अडखळतो, पावसानंतर कोणत्या भागाची माती अधिक काळी दिसते, ससे बिळें उकरतात तेव्हां खापऱ्या कोठें वर येतात, ओढ्याचा पूर कोठवर चढतो, बांध मोडून शेतें एक करण्यापूर्वीं चर्चकडे जाणारी पायवाट कोठून जात असे, असे त्यांचे प्रश्न होते. शेतकऱ्यानें ओढ्याच्या वरच्या अंगाची, पुराच्या रेषेबाहेरची एक अरुंद पट्टी दाखविली आणि म्हणाला, “येथला गहूं दरसाल चार दिवस आधीं पिवळा पडतो.”

हें शेवटचें वाक्य कोणत्याही यंत्राहून मोलाचें आहे. खालीं पडक्या भिंतीचा पाया असेल तर वरची माती उथळ राहते, ओल टिकत नाहीं व पीक लौकर सुकतें. खालीं जुना खंदक बुजलेला असेल तर तेथें ओल धरून राहते व पीक मागाहूनपर्यंत हिरवें असतें. २०१८ च्या कडक उन्हाळ्यांत ब्रिटनमध्यें अशा हिरव्या-पिवळ्या रेघांवरून कितीतरी अज्ञात वस्त्या विमानांतून टिपल्या गेल्या. विमानवाल्यांस जें त्या वर्षीं दिसलें, तें बांधावरून शेतकऱ्यास दरसाल थोडें थोडें दिसत असतेंच. त्यास कोणी विचारीत नाहीं एवढेंच. त्या वृद्ध गृहस्थांस सायंकाळपर्यंत काय मिळालें? चांदीची अर्धी कापलेली एक पेनी व चातीला लावावयाची शिशाची एक चकती. मध्ययुगांत सुटे पैसे करण्यासाठीं नाणें कापण्याची तिकडे चाल होती. या दोन्ही वस्तूंस बाजारांत फारशी किंमत येणार नाहीं. परंतु येथें कोणी बसून सूत कातीत असे आणि खिशांत सुटे पैसे बाळगीत असे, म्हणजे येथें घर होतें, हें त्या पट्टीनें सांगितलें. टेकाडावरच्या चाळीस जणांस एवढेंही कळलें नाहीं.

कागदपत्रांची गोष्टही मला विशेष वाटली. १८३६ च्या कायद्यानें चर्चला द्यावयाचा धान्याचा दशांश रोख पैशांत घेण्याचें ठरलें, तेव्हां इंग्लंडांत गांवोगांवचे थोरले नकाशे तयार झाले. सोबतच्या यादींत प्रत्येक शेताचें नांव, मालक, वहिवाटदार, लागवड व क्षेत्र लिहिलेलें आहे. आमच्या सर्व्हेच्या कागदांशीं त्यांचें इतकें साम्य कीं, जांवयांनीं प्रत दाखविली तेव्हां मला जुना मित्र भेटल्यासारखें झालें. त्या यादींतील शेतांचीं नांवें पुष्कळ बोलून जातात. कांहीं शेतांस ‘ब्लॅकलँड्स’ असें नांव आहे. प्राचीन वस्तीची राख व कुजकट मिसळून तेथील माती काळवंडलेली असते, आणि अशा नांवाच्या शेतांत रोमन काळचीं घरें पुष्कळ वेळां निघालीं आहेत. आमच्या दख्खनेंत नेमकें उलट! येथें काळी म्हणजे पिकाची जमीन व पांढरी म्हणजे वस्तीची. मातीच्या भिंती ढांसळून व चुलींची राख सांचून जी फिकट माती होते, ती नांगरतांना आपोआप ओळखूं येते. तिकडे काळी शोधावी, इकडे पांढरी. मात्र दोहींकडे विचारावयाचें कुणब्यासच.

यावर कोणी म्हणेल, नशीब असल्यास निवड कशाला? सफोकमध्येंच हॉक्सन गांवीं १९९२ च्या नोव्हेंबरांत एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधावयास त्याचा स्नेही यंत्र घेऊन गेला आणि रोमन काळचीं सुमारें १५,००० सोन्याचांदीचीं नाणीं व चांदीचीं भांडीं निघालीं. बकिंगहॅमशायरमध्यें लेनबरो येथें २१ डिसेंबर २०१४ रोजीं अशाच सामुदायिक शोधांत शिशाच्या पत्र्यांत गुंडाळलेलीं ५,२०० हून अधिक चांदीचीं नाणीं मिळालीं. नशीब नाहीं असें मी म्हणत नाहीं. परंतु दोन्ही ठिकाणीं पुढें काय झालें तें पहावें. हॉक्सनच्या मनुष्यानें मोठा सांठा दिसतांच हात आंवरला व कळविलें. दुसऱ्या दिवशीं जाणत्यांनीं रीतसर खणलें, म्हणून कोणती वस्तु पेटींत कोठें ठेवली होती हें आज सांगतां येतें. तो हातोडाही ब्रिटिश म्युझियममध्यें आहे! लेनबरोस तो सांठा त्याच दिवशीं घाईनें काढला गेला, व त्याबद्दल जाणत्यांनीं पुढें पुष्कळ टीका केली. वस्तु सांपडलेल्या जागेची नोंद नसेल तर ती वस्तु गट नंबर नसलेल्या सात-बाराच्या उताऱ्यासारखी होय. कागद खरा, पण जमीन कोणती?

माझें मत विचाराल तर जागा निवडतांना प्रथम कोठें शोधावयाचें नाहीं तें ठरवावें. संरक्षित प्राचीन स्थळावर परवानगीवांचून यंत्र फिरविणें हा तेथें १९७९ च्या कायद्यानें गुन्हा आहे. कधीं न नांगरलेलें कुरणही सोडावें. तेथें वस्तु आपल्या मूळ ठिकाणीं बसलेल्या असतात, नांगरटीप्रमाणें आधींच विस्कटलेल्या नसतात. मग राहिलेल्या रानाच्या पट्ट्या पाडून चिठ्ठ्या टाकाव्या व प्रत्येकानें आपली पट्टी तासातासानें धुंडावी. गर्दी जेथें जाते तेथें जागा निवडली जात नाहीं, ती लुटली जाते. सरे परगण्यांत वानबरो येथें रोमन काळच्या देवळाची जागा होती. तिचा ठिकाणा बाहेर फुटला आणि १९८३ ते १९८५ या काळांत रात्रीं-बेरात्रीं टोळ्या येऊन त्यांनीं तें शेत चाळणीसारखें केलें. किती हजार नाणीं परस्पर विकलीं गेलीं याचा हिशेबच नाहीं. त्या प्रकरणाच्या संतापांतूनच पुढें १९९६ चा ठेव्यांचा कायदा झाला. त्याप्रमाणें ठेवा मिळाल्यास चौदा दिवसांत कॉरोनरला कळवावें लागतें, व संग्रहालयानें तो घेतल्यास बक्षिसाची रक्कम सामान्यतः शोधणारा व जमीनमालक यांत निम्मेनिम वांटली जाते. ठेव्यांत न मोडणाऱ्या वस्तूंची नोंदही सरकारी मदतीनें चालते आणि तींत दहा लाखांहून अधिक वस्तु चढल्या आहेत. शेतकऱ्यास वांटा व मान, दोन्ही असल्यामुळेंच तो फाटक उघडतो.

आमच्याकडे अशा टोळ्या निघाव्या असें मी मुळींच सुचवीत नाहीं. गुप्तधनाच्या नादानें मांत्रिकाबरोबर यंत्र घेऊन फिरणारे भोंदू आधींच कांहीं कमी नाहींत. परंतु आमच्या जमिनींतून जें निघतें, तें यंत्रानें नव्हे, कुदळीनेंच निघत आलें आहे. नाशिक जिल्ह्यांत जोगलटेंभी येथें १९०६ सालीं १३,२५० चांदीचीं नाणीं सांपडलीं. नहपानाच्या त्या नाण्यांपैकीं नऊ हजारांहून अधिकांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां मारलेला होता. त्या एका ढिगावरून दोन राजांचा काळ जुळविता आला. प्रवरेच्या कांठीं दायमाबादेस १९७४ सालीं एका भिल्ल शेतकऱ्यास झाडाचें मूळ खणतांना रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशीं चार कांस्य-शिल्पें मिळालीं, ज्यांचें एकूण वजन साठ किलोंहून अधिक भरलें. या पुरुषानें जागा निवडली नव्हती, पण जागा दाखवितां आली म्हणूनच पुढें तेथें उत्खनन होऊन त्या वस्तीची माहिती मिळाली.

आणि आज त्याच पांढऱ्या आम्ही काय करतों? फिकट माती खतास चांगली म्हणून गाड्या भरून नेतों, अगर जेसीबी लावून सपाटीकरण करतों. शेततळ्यासाठीं उंचवटा सोयीचा म्हणून तोच फोडतों. सबब माझी सूचना एवढीच कीं, ज्या गांवीं सभासद असतील तेथें त्यांनीं पीक निघाल्यावर एक दिवस शिवारफेरी काढावी. यंत्र नको, कुदळ नको. बरोबर गांवनकाशा व दोन वृद्ध कुणबी असावे. खापऱ्या, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, भाजक्या विटा जेथें वर येतात, पीक जेथें निराळें दिसतें, जेथें जुन्या वाटा मिळतात, तेथें पेन्सिलीनें खूण करावी व तेवढ्या जागेवर यंत्र लावतांना पुरातत्त्व खात्यास आधीं विचारावें.

हें मी उपदेश म्हणून लिहीत नाहीं, देणें म्हणून लिहितों. नोकरींत असतां एक शेतकरी भर दुपारीं माझ्या टेबलाशीं आला. बांध टाकतांना त्यास मडकें लागलें होतें. रुमालाच्या गांठींतून त्यानें एकच नाणें काढलें व हळूच विचारलें, “रावसाहेब, सांगितलं तर जमीन जाईल का?” १८७८ च्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांवरील ठेव्याची वर्दी कलेक्टरकडे द्यावी लागते, व धनी न निघाल्यास दुसरा करार नसतां तीन चतुर्थांश शोधणारास व एक चतुर्थांश जागेच्या मालकास मिळतो. तो स्वतःच मालक, स्वतःच शोधणारा; सारेंच त्याचें होतें. सरकारनें ठेवा घेतला तरी धातूची किंमत व वर पांचवा हिस्सा मिळता. हें मला पाठ होतें. परंतु पंचनामा, पत्रव्यवहार व वरिष्ठांचे प्रश्न डोळ्यांपुढें आले, आणि “नंतर या” एवढेंच मीं म्हटलें. तो आला नाहीं. पुढल्या बाजारीं मडक्यांतील नाणीं सोनाराच्या मुशींत गेलीं, असें मागाहून कानीं आलें.

निवृत्त झाल्यावर मी त्या गांवीं गेलों. शेतकरी आतां हयात नाहीं. त्याच्या मुलानें बांध दाखविला. अलीकडे खापऱ्या अजून वर येतात. गांवनकाशावर पहिली खूण आम्ही दोघांनीं तेथें केली आहे. गट नंबर येथें छापीत नाहीं, त्याचें कारण वानबरोच्या हकीकतींत आलेंच आहे.