केना ओळखा, मग तणनाशकाच्या दुकानात जा

आज नगरपालिका नाही, आमदार नाही, रस्त्याचे खड्डेही नाहीत. आज एका तणावर लिहितोय. हसू नका. पाऊस पडल्यापासून या एका तणाने तालुक्यात किती पैसा खाल्ला याचा हिशेब काढला, तर खड्ड्यांपेक्षा मोठा विषय निघेल.

तणाचं नाव केना. कुणी केनी म्हणतं, कुणी केणा. शास्त्रीय नाव कॉमेलिना बेंगालेन्सिस. निळ्या फुलांचा, जमिनीवर पसरणारा, आपल्या सगळ्यांच्या वावरात असणारा.

आधी घरचंच सांगतो. गेल्या खरिपात माझ्या मोठ्या भावाचं 4 एकर सोयाबीन. जुलैत झड लागली. मधे एक दिवस उघडलं म्हणून भावाने घाईने डवरे हाणले. जमीन ओली, आभाळ भरलेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस. आठ दिवसांनी वावरात गेलो तर डवऱ्याच्या तासात केना आधीपेक्षा दाट. भाऊ थेट दुकानात. दुकानदाराने विचारलं, "तण आहे ना?" भाऊ म्हणाला, "आहे." झालं निदान! दोन बाटल्या, वरून एक टॉनिक. औषध आणि फवारणी मिळून 7 हजारांच्या वर गेले. गवत जळालं, सोयाबीनची पानं पिवळी पडून करपली, आणि केना? केन्याला मोकळं रान मिळालं. शेजारचं गवत मेल्यावर तो हात-पाय पसरून बसला.

मग निंदायला बाया लावल्या. त्यातल्या एक मावशी, वय साठीच्या आसपास, मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही पेपरवाले ना? मंग हे लिवा. केन्याले डवऱ्यानं कापलं का एकाचे चार होतात. त्याले मुळासकट काढा लागते." असं म्हणून त्यांनी खुरप्याने एक झाड अलगद उचललं आणि बुडाची माती झाडली. बुडापासून पांढरे, दोऱ्यासारखे फुटवे जमिनीत गेले होते आणि त्यांना बारीक बोंडं लागली होती. जमिनीच्या आत!

मी खेड्यात वाढलो, पंचवीस वर्षं या तालुक्याच्या बातम्या करतोय, आणि हे मी पहिल्यांदा पाहिलं.

नंतर वाचलं. ही गोष्ट वनस्पतिशास्त्राला फार आधीपासून माहीत आहे. केन्याला दोन प्रकारची फुलं येतात. वरची निळी, जी सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. आणि खालची, जी मातीतच येतात, उमलतच नाहीत, स्वतःच स्वतःचं परागण करून बी धरतात. भुईमुगाचं फूल वर येतं आणि आरी खाली जाते. केन्याचं तर फूलच खाली. वर आणि खाली, दोन्हीकडे मोठं आणि लहान अशा दोन आकारांचं बी. म्हणजे एका झाडावर चार प्रकारचं बी, आणि सगळं एकाच वेळी उगवत नाही. तुम्ही पहिली खेप मारली की दुसरी तयार. वरचा शेंडा कापून तुम्ही समाधानाने घरी जाता, तेव्हा खाली पुढच्या वर्षाची पेरणी झालेली असते.

त्यात त्याच्या कांडीचा स्वभाव बघा. प्रत्येक पेऱ्याला मूळ फुटतं. ओल्या जमिनीत तुटलेला तुकडा पडला की तो नवीन झाड. भावाने उघडीप नसताना डवरे हाणले, म्हणजे स्वतःच्या हाताने केन्याच्या कांड्या लावल्या.

आता ओळख. कारण सगळी गफलत इथेच होते.

पान रुंद, अंडाकृती, कडा जरा लहरी. पानाचा देठ कांडीला जिथे वेढतो, तिथे तांबूस-तपकिरी केस दिसतात. ही खूण लक्षात ठेवा. फुलाला तीन पाकळ्या, दोन मोठ्या निळ्या आणि तिसरी लहान, पटकन न दिसणारी. फूल ज्या हिरव्या होडीसारख्या आवरणातून बाहेर येतं, त्याच्या कडा या केन्यात जुळलेल्या असतात, म्हणून ते आवरण नरसाळ्यासारखं दिसतं. केन्याच्या बहिणी आणखी आहेत, काहींची पानं अरुंद असतात, आवरणाच्या कडा सुट्या असतात. शंका आली तर एक झाड मुळासकट उपटा. बुडाला पांढरे फुटवे आणि जमिनीतली बोंडं दिसली, की हाच तो.

पान रुंद म्हणून लोक त्याला रुंद पानाचं तण समजतात. पण तो एकदल आहे. एकदल आहे म्हणून काही जण गवताचं औषध मारतात. पण तो गवताच्या कुळातलाही नाही. क्विझालोफॉपसारखं निव्वळ गवतावर चालणारं औषध त्याला लागतच नाही. आणि सगळं जाळणारं म्हणून ज्याचं नाव गावोगाव तोंडावर आहे, त्या ग्लायफोसेटलाही केना बऱ्यापैकी दाद देत नाही, विशेषतः मोठा झाल्यावर. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात ग्लायफोसेट सहन करणारा कापूस आला, सगळीकडे तेच एक औषध चाललं, आणि 2000 नंतरच्या काही वर्षांत हाच आपला केना तिथल्या कापसातलं मोठं डोकेदुखीचं तण झाला. तिकडे तो परका, सरकारी यादीत घातक तण म्हणून नोंदलेला. इकडे तो आपला, पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा. पण धडा एकच. एकाच बाटलीवर विसंबलात की बाटलीला न भिणारं तण राज्य करतं.

आपल्याकडे ही गोष्ट नाजूक आहे, तरी बोललं पाहिजे. तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी कापसाला देशात मंजुरी नाही, पण तो चोरून पेरला जातो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेने तर तो जाहीरपणे पेरून आंदोलन केलं. त्यांचा मुद्दा मी खोडून काढत नाही. निंदणाला माणूस मिळत नाही, शेतकऱ्याला तंत्रज्ञान पाहिजे, हे खरंच आहे. पण ज्या तणासाठी हा खटाटोप, त्यातलं एक मोठं तण त्या औषधाला जुमानत नसेल, तर हे शेतकऱ्याला आधी कोणी सांगायचं? ग्लायफोसेटला आपल्याकडे मान्यता आहे ती चहाच्या मळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जागेसाठी. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने त्याचा वापर फक्त कीडनियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांमार्फत करण्याची अधिसूचना काढली. आणि आपल्याकडे? पाठीवर पंप, पायात चप्पल, तोंडाला उपरणं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ती कीटकनाशकं होती, तणनाशकं नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण पंप तोच, पाठ तीच आणि सल्ला देणारं दुकानही तेच.

आता माझी स्वतःची चूक. काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या प्रतिनिधीने तयार मजकूर आणून दिला होता. "एकाच फवारणीत सर्व तणांचा नायनाट." शेजारी त्यांची जाहिरात होती. मी तो मजकूर बातमी म्हणून लावला. एक शब्द तपासला नाही. त्या आठवड्यात दोघा-तिघांनी कात्रण घेऊन दुकानात विचारणा केली, असं नंतर कळलं. आमच्या डिप्लोमाच्या वर्गात पहिला धडा होता, बातमी आणि जाहिरात यात रेघ असते. ती रेघ मी स्वतः पुसली. म्हणून ही पोस्ट काही अंशी माझं प्रायश्चित्त समजा.

मग करायचं काय? मी कृषितज्ज्ञ नाही. पण जाणत्या शेतकऱ्यांकडून ऐकलेलं, वाचलेलं आणि यंदा भावाच्या वावरात करून पाहिलेलं सांगतो.

एक, पहिल्या पावसानंतर लगेच पेरणीची घाई नको. तण उगवू द्या, मग वखराची पाळी द्या आणि त्यानंतर पेरा. तणाची पहिली खेप तिथेच जाते. पाऊस लांबेल ही भीती आहे, पण एका तुकड्यावर तरी करून बघा.

दोन, डवरणी उघडीप बघून करा. तुटलेल्या कांड्या उन्हात वाळल्या पाहिजेत. झड असेल तर डवरे हाणू नका.

तीन, केना कोवळा असताना, फूल यायच्या आत, ओल्या मातीतून मुळासकट उपटा. खुरप्याने वरवर कापू नका. आणि उपटलेला केना वावरात किंवा धुऱ्यावर टाकू नका. फवारणी झालेली नसेल तर बैलाला, म्हशीला घाला, आवडीने खातात. नाहीतर खडकावर वाळवा. बी धरलेला केना उकिरड्यात टाकला, तर पुढच्या वर्षी शेणखताबरोबर तोच परत वावरात येतो.

चार, औषध मारायचंच असेल तर तणाचं झाड हातात घेऊन जा. पीक कोणतं, तण कोणतं, तण किती पानांचं, हे सांगा आणि लेबलवर ते पीक लिहिलंय का ते वाचून घ्या. पेरणीनंतर उगवणीआधी वापरायची औषधं असतात, तण वर आल्यावरची वेगळी असतात. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशी आहेत, त्या कृषी सहायकाला विचारा. दोन बाटल्या मनाने एकत्र करू नका. आणि पक्कं बिल घ्या. पीक करपलं तर भांडायला तोच एक कागद असतो.

यंदा भावाने पाळी दिली, एकदा उघडीप बघून डवरलं, आणि दोन वेळा त्याच मावशींच्या टोळीकडून मुळासकट निंदून घेतलं. केना संपला का? नाही. तो एका वर्षात संपणारा नाही, जमिनीत बी पडलेलं आहे. पण सोयाबीन त्याच्या वर राहिलं. आणि 7 हजार दुकानात जाण्याऐवजी गावातल्या चार घरांत गेले. मला हा हिशेब जास्त पटतो.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं तो मुद्दा. केना म्हणजे नुसतं तण नाही. श्रावणातल्या शनिवारच्या कहाणीत केनीकुर्डूची भाजी येते. घरात काही नसताना शिजवली जाणारी ती भाजी. माझी आई केन्याच्या पानांची भजी करायची. आजही त्या मावशी निंदता निंदता कोवळे शेंडे ओच्यात टाकतात, संध्याकाळची भाजी होते. कृषी विभाग दर ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो, फीत कापली जाते, फोटो आम्हीच छापतो. त्याच महिन्यात त्याच तालुक्यात धुऱ्याधुऱ्यावर औषध मारलं जातं. मग ती बाई भाजी कुठून खुडणार? आणि फवारलेल्या धुऱ्यावरून खुडली, तर तिच्या ताटात काय जाणार?

काँग्रेस गवताशी केन्याची बरोबरी करू नका. ते बाहेरून आलं, ना जनावर खात, ना माणूस, अंगाला खाज सुटते. ते दिसेल तिथे उपटा. केन्याचं तसं नाही. तो वावरात नको, हे कबूल. पण धुऱ्यावर त्याला जाळायचं कारण नाही. फुलावर यायच्या आत कापून वैरणीला आणा, म्हणजे बीही वावरात जाणार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. महोत्सवाचा मंडप घाला, जरूर घाला. पण त्याआधी जुलैच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक गावात एक दिवस, एका वावरात, कृषी सहायकाने तण ओळखायचा कार्यक्रम घ्यावा. दुकानदारांनाही बोलवावं. आणि शिकवायला पीपीटीवाला साहेब नको, त्या मावशींना उभं करा. त्यांना त्या दिवसाची मजुरी द्या. ग्रामपंचायतींनी नाल्याकाठी, धुऱ्यावर, स्मशानभूमीत सरसकट तणनाशक मारणं बंद करावं, आणि जिथे मारलं तिथे पाटी लावावी, म्हणजे कुणी तिथली भाजी खुडणार नाही. याला कोटींचा निधी लागत नाही.

हे निवेदन मी येत्या सोमवारी तालुका कृषी कार्यालयात स्वतः नेऊन देणार आहे. बरोबर एक केन्याचं झाड नेणार, बुडाच्या बोंडांसकट. सोबत यायचं असेल त्यांनी या. तोवर आपल्या वावरातला एक केना उपटून बघा, आणि खाली काय दिसलं ते इथे लिहा.