झाडाखाली नको, मग कुठे?

मे महिन्यातली दुपार. मराठवाड्यातल्या एखाद्या शिवारात कांद्याचा ढीग उघड्यावर पडलेला असतो, कडब्याची गंजी अर्धीच रचून झालेली असते, अंगणात खाटेवर कुरडया वाळत असतात. पारा सकाळपासून चाळिशीच्या वर. साडेतीनच्या सुमारास वारा एकदम पडतो, अंगाची काहिली होते आणि आभाळाच्या कडेला एक पांढरा ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगत वर चढू लागतो. घटकाभरात तो काळानिळा होतो, मातीचा वास घेऊन गार वाऱ्याचा झोत येतो आणि घरातली माणसं पळत सुटतात ती शेताकडे. ताडपत्री ओढायची असते. पहिला थेंब पडायच्या आत ढीग झाकला तर पीक हाती लागेल, नाही तर सडेल. त्याच दहा-पंधरा मिनिटांत घरातली सगळी कर्ती माणसं उघड्या रानात असतात आणि डोक्यावर ढग गडगडत असतो.

पुढची बातमी वाचकांना पाठ आहे. पाऊस आला म्हणून झाडाच्या आडोशाला गेले आणि वीज पडून मृत्यू झाला. आतल्या पानावर चार ओळी, खाली तालुक्याचं नाव. या चार ओळींची बेरीज मात्र भयंकर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात वीज पडून 2,887 माणसं गेली. निसर्गाच्या कोपानं त्या वर्षी जे 8,060 मृत्यू नोंदले गेले, त्यांतला तिसऱ्या हिश्शाहून मोठा वाटा एकट्या विजेचा. आदल्या वर्षीचा आकडाही जवळपास एवढाच होता. एखाद्या चक्रीवादळानं एका दिवसात इतके बळी घेतले असते तर देश हादरला असता. वीज रोज सात-आठ जण नेते, वेगवेगळ्या गावांतून, म्हणून ती कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

आणि मग ‘दैव’ हा शब्द येतो. माणूस पायाळू होता म्हणून त्याच्यावर वीज पडली, असं सांगणारे आजही गावोगाव भेटतात. जन्माला येताना पाय आधी आले की डोकं, याचा विजेशी काडीचा संबंध नाही. दैव आंधळं असतं म्हणतात, पण विजेचे बळी तसे आंधळेपणानं पडलेले दिसत नाहीत. ते बहुतांश ग्रामीण भागातले आहेत, शेतात काम करणारे किंवा गुरं-शेळ्या राखणारे आहेत, दुपार ते संध्याकाळ या वेळेत गेलेले आहेत आणि त्यांतले कितीतरी जण झाडाखाली सापडले आहेत. इतकं ठरावीक वेळी, ठरावीक जागी, ठरावीक माणसांना येणारं मरण टाळता येतं. टाळलं जात नाही, याचा जाब दैवाला नव्हे, व्यवस्थेला विचारायला हवा.

‘वीज चमकत असताना झाडाखाली थांबू नका.’ दरवर्षी उन्हाळ्यात प्रशासनाची ही सूचना निघते. सूचना अगदी बरोबर आहे, पण ती अर्धी आहे. झाडाखाली नको, मग कुठे? गाव तीन किलोमीटरवर, वाटेत ओढा, डोक्यावर गारा. शिवारात उभं असतं ते एक लिंबाचं किंवा बाभळीचं झाड, कडब्याचं छप्पर असलेली कोपी, फार तर विहिरीजवळची पत्र्याची मोटारखोली. कोपी विजेपासून वाचवत नाही. मोटारखोलीत खांबावरून आलेली तार आणि स्टार्टर असतो, वीज त्या तारेवाटे आत येऊ शकते. बाई लेकराला पोटाशी धरून झाडाखाली जाते ती अडाणी म्हणून नव्हे. तिला दुसरी जागाच दिलेली नाही.

झाड घातक का, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं. उन्हानं तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वेगानं वर चढते आणि बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. ढगात बर्फाचे हलके कण आणि जड, मऊ गारा एकमेकांवर आपटतात. हलके कण धन भार घेऊन माथ्याकडे जातात, जड गारा ऋण भार घेऊन मधल्या-खालच्या भागात राहतात. हा ताण हवेला पेलेनासा झाला की वीज जमिनीकडे झेपावते आणि बहुधा आसपासचं जे उंच असेल ते गाठते. तिच्या वाटेतली हवा क्षणभर सुमारे 30,000 अंश सेल्सिअसपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. झाडावर पडलेली वीज खोडातून उतरताना शेजारी उभ्या माणसावर उडी घेते, कारण माणसाचं शरीर लाकडापेक्षा चांगलं वाहक आहे. उरलेली मुळाशी जमिनीत पसरते. थेट डोक्यावर वीज पडून मरणारे थोडेच, बाजूनं उडालेल्या आणि जमिनीतून आलेल्या विजेचे बळी कितीतरी जास्त.

जमिनीतली ही वीज गुराख्यांनी पाहिलेली असते. झाडाखाली बांधलेली बैलजोडी मरून पडते आणि अंगावर जखमेची खूणही नसते. पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असल्यानं त्या दोन जागांच्या विद्युतदाबातला फरक मोठा असतो आणि प्रवाह एका पायातून शिरून छातीतून दुसऱ्या पायाकडे जातो. आसामच्या नगांव जिल्ह्यात मे 2021 मध्ये एका रात्रीत 18 रानटी हत्ती मेले, तेही विजेनंच. माणसानं उघड्यावर सापडल्यास पाय जुळवून, गुडघ्यांत डोकं घालून उकिडवं बसावं आणि आडवं मुळीच पडू नये, असं सांगतात ते याचसाठी. पण हा नाइलाजाचा उपाय आहे. उकिडवं बसलेला माणूस सुरक्षित होत नाही, धोका थोडा कमी होतो इतकंच.

सुरक्षित जागा दोनच. पक्कं, वीजजोडणी-नळजोडणी असलेलं घर आणि धातूच्या टपाचं बंद वाहन. घरातही गडगडाट चालू असेतो नळ, तारेचा फोन आणि प्लगला लावलेल्या उपकरणांपासून दूर राहायचं. एसटी बस चालते, काचा लावलेली जीप चालते. दुचाकी आणि उघडा ट्रॅक्टर चालत नाही. जयपूरजवळ आमेर किल्ल्यासमोरच्या बुरुजावर जुलै 2021 मध्ये 11 जण गेले. पाऊस बघायला, फोटो काढायला लोक उंचावर चढले होते. सह्याद्रीतल्या गडांवर सुट्टीच्या दिवशी होणारी गर्दी बघताना ती घटना आठवायलाच हवी.

महाराष्ट्रात वीज पडून मृत्यू झाल्यास वारसांना चार लाख रुपये मिळतात. ते मिळायलाच हवेत. पण हा पैसा पंचनामा आणि शवविच्छेदन झाल्यावर हलतो. त्याच माणसाला जिवंतपणी उभं राहायला शिवारात एक जागा द्यायची, तर त्यासाठी तितकीच सरळ तरतूद दिसत नाही. रोजगार हमीतून विहीर होते, गोठा होतो, शेततळं होतं. मग चार-पाच शेतकऱ्यांत मिळून, सळयांचा सांगाडा नीट भूमीत जोडलेली, चारही बाजूंनी बंद अशी एक पक्की खोली का होऊ नये? अलीकडे ग्रामपंचायतींच्या इमारतींवर वीज अटकाव यंत्रं बसू लागली आहेत. चांगलं आहे, पण ते यंत्र त्या इमारतीचं आणि तिच्या अगदी लगतच्या परिसराचं रक्षण करतं. तीन किलोमीटरवर कांदा झाकणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग शून्य.

दुसरा प्रश्न इशाऱ्याचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं विजेचं ठिकाण टिपणाऱ्या संवेदकांचं जाळं उभारलं आणि ‘दामिनी’ हे ॲप लोकांच्या हाती दिलं. आपल्या 20 ते 40 किलोमीटरच्या परिघात वीज पडते आहे का, हे ते दाखवतं. हवामान विभाग पुढच्या तीन तासांचा अंदाज देतो. विज्ञानानं आपलं काम केलं आहे. पण जिल्ह्याच्या नावानं आलेला संदेश म्हणजे काय? एकट्या बीड जिल्ह्याचं क्षेत्रफळ 10,000 चौरस किलोमीटरहून जास्त आहे. शिवाय खुरपणाऱ्या बाईचा फोन बहुधा घरी किंवा बांधावरच्या पिशवीत असतो. गावात भोंगे आहेत, देवळावर ध्वनिवर्धक आहे, पोलीस पाटील आणि कोतवाल आहेत. ॲपवरचा इशारा बघून पाच मिनिटांत भोंगा वाजवायचा, ही जबाबदारी गावात एका नेमक्या माणसावर टाकली पाहिजे.

आणि भोंगा नसला तरी कान आहेत. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर काम टाकून निघायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास रानात परतायचं नाही. पाऊस सुरू व्हायची वाट बघायची नाही, कारण वीज पावसाच्या सरीपासून दहा किलोमीटर पुढेही पडते.

इथे तिसरी अडचण येते, मजुरीची. पहिल्या गडगडाटाला खुरपं ठेवून निघालेल्या बाईची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली जाणार असेल, तर ती निघणार नाही. हंगाम संपत आलेला असतो, मालकालाही घाई असते. विजेमुळे थांबलेल्या कामाची मजुरी पूर्ण धरायची, असा ठराव ग्रामसभा करू शकते. रोजगार हमीच्या कामांवर तर हा नियम सरकारनं उद्यापासून लागू करावा.

हे आकडे खाली येतात, याचा पुरावा आहे. अमेरिकेत 1943 मध्ये विजेनं 432 जणांचा जीव घेतला होता, 2021 मध्ये 11 जणांचा. या काळात तिथली लोकसंख्या दुपटीहून वाढली. शेतावरची माणसं कमी झाली, पक्की घरं झाली, उपचार सुधारले आणि गडगडाट ऐकला की घरात जायची सवय शाळेपासून लागली. वीज तिथेही पडायची थांबलेली नाही.

वीज पडलेल्या प्रत्येकाचा मृत्यू होत नाही, हेही गावात फार थोड्यांना ठाऊक असतं. अंगावर वीज पडलेल्या माणसाला शिवलं तर आपल्यालाही धक्का बसेल, या भीतीनं लोक लांब उभे राहतात. छत्तीसगडसारख्या राज्यांत अशा माणसाला शेणात पुरून ठेवल्याच्या घटना घडल्या आहेत. त्याच्या शरीरात वीज साठून राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. हृदय आणि श्वास थांबलेला असतो आणि पहिल्या काही मिनिटांत छाती दाबून, तोंडानं श्वास देऊन तो परत सुरू होऊ शकतो. म्हणून अनेक जण पडले असतील तर कण्हणाऱ्यांना थोडा वेळ थांबवून निपचित पडलेल्याकडे आधी धावायचं. एकानं 108 ला फोन करायचा, दुसऱ्यानं छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहायचं, गाडी येईपर्यंत. 25 मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागतं, त्याआधी प्रत्येक गावातल्या दहा तरुणांना आणि आशाताईंना हे शाळेच्या ओट्यावर एका दुपारी शिकवता येईल.