जुनी हत्यारे आणि खरे माप

घरातील एखादे हत्यार गंजले किंवा त्याची मूठ सैल झाली, की ते भंगारात टाकावे आणि बाजारातून नवे आणावे, ही रीत आता सर्वत्र रूढ झाली आहे. नवे हत्यार घेण्यात दोष नाही. परंतु जुने ते सारे निरुपयोगी आणि अचूक काम केवळ महागड्या यंत्रानेच साधते, अशी जी समजूत या रीतीमागे दडलेली आहे, ती चुकीची आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ती मुलांच्या मनात रुजली, तर हत्यारांहूनही मोलाचे असे काही आपण गमावून बसू.

आमचे सोलापूर हे मागांचे गाव. येथे पहिली कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली. पण गिरण्यांच्या बरोबरीने हातमागही घरोघर चालत असत. हातमाग म्हणजे मुख्यतः लाकडाचेच यंत्र. जॉन के या इंग्रज कारागिराने १७३३ साली दोरीच्या हिसक्याने धावणारा धोटा शोधून काढला. धोट्याचा वेग वाढला, तशी सुताराची कसोटीही कडक झाली. ज्या फळीवरून धोटा धावतो, ती थोडी जरी उंचसखल असली, तर धोटा मार्ग सोडून उडतो. त्याच्या अंगावर लाकडाचे एखादे कुसळ उभे राहिले, तर ताण्याचे धागे तटातट तुटतात. म्हणून सोलापूरच्या कापडाचे श्रेय विणकराला देताना, रंधा आणि पटाशी चालवून त्याचा माग सरळ राखणाऱ्या सुताराचे स्मरणही ठेवले पाहिजे.

ही अचूकता येते कोठून? काटकोन तपासण्याचे सुताराचे साधन म्हणजे गुण्या. पण खुद्द गुण्याच खरा आहे की नाही, हे कसे ठरवावे? याची युक्ती फार सोपी आहे. सरळ कडेच्या फळीला गुण्या टेकवून एक रेघ ओढावी. मग गुण्या उलटा करून त्याच ठिकाणाहून दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा एकावर एक पडल्या, तर गुण्या खरा. त्या फाकल्या, तर जेवढे अंतर पडले त्याच्या निम्मी त्याची चूक. येथे दुसऱ्या कोणत्याही मौल्यवान उपकरणाची गरज लागली नाही; गुण्याने स्वतःच स्वतःची परीक्षा दिली.

मोठ्या यंत्रविद्येचा पायाही असाच साधा आहे. इंग्लंडमधील जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली पूर्ण सपाट पृष्ठभाग तयार करण्याची रीत विद्वानांपुढे मांडली. तीन लोखंडी पाट्या घ्यायच्या आणि पाळीपाळीने एकमेकींशी जुळवून उंच भाग खरवडून काढायचे. दोनच पाट्या घेतल्या, तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट असूनही त्या जुळू शकतात. तिन्ही परस्परांशी जुळल्या, म्हणजे मात्र त्या सपाटच असल्या पाहिजेत. यंत्रे अचूक झाली ती अशा हातांच्या आणि विचाराच्या बळावर, हे विसरून चालणार नाही.

जुना रंधा पुन्हा कामाला लावणे हा याच विचाराचा अभ्यास आहे. प्रथम रॉकेलने गंज सैल करावा. जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून रंध्याचा तळ त्यावर घासावा. तत्पूर्वी तळावर पेन्सिलीच्या रेघा माराव्यात, म्हणजे कोठे खळगा राहिला ते त्या न पुसलेल्या रेघाच सांगतात. नंतर पाते घ्यावे. धार म्हणजे दोन पृष्ठभागांची भेट. उतरती बाजू कितीही घासली, तरी पाठ सपाट नसेल, तर खरी धार येत नाही. हत्यार चकचकीत करणे निराळे आणि खरे करणे निराळे. पुष्कळ जण पहिल्यावरच समाधान मानतात!

शेजारच्या मिरजेचे उदाहरण पाहावे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात वाद्ये घडवू लागले, आणि तलवारीच्या कामात मुरलेला हात सतार-तंबोऱ्याच्या लाकडावर चालू लागला. या वाद्यांचे भोपळे आमच्याच जिल्ह्यातील पंढरपूर परिसरातून जातात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हस्तकौशल्य टिकले, तर ते एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात जाऊन नवे रूप घेते.

कोणी म्हणेल, ‘विजेचा रंधा घटकेत जे काम करतो, त्यासाठी दिवस का घालवावा?’ हा प्रश्न रास्त आहे. शंभर दारे करावयाची असतील, तर यंत्रच वापरावे; तेथे हातरंध्याचा हट्ट धरणे हे शहाणपण नव्हे. पण विजेच्या करवतीचे पाते मेजाशी काटकोनात आहे की नाही, हे शेवटी गुण्या लावूनच पाहावे लागते. ज्याला गुण्या पारखता येत नाही, तो यंत्राच्या चुकाही जलद गतीने करीत राहील. तसेच जुनी हत्यारे पुसून केवळ काचेच्या कपाटात मांडण्यानेही काही साधणार नाही. हत्यार हातात राहिले, तरच त्याची विद्या राहते.

म्हणून प्रत्येक शाळेत एक जुना रंधा, एक करवत आणि एक गुण्या असावा, आणि तो मुलामुलींनी स्वतः दुरुस्त करून वापरावा. उलटून पाहिल्यावाचून कोणतेही माप खरे मानू नये, ही सवय ज्याच्या हाताला लागली, त्याच्या बुद्धीलाही ती लागल्यावाचून राहत नाही.