चाळीसगावचा टांगा आणि मोटारीचा परवाना



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतील एक तरुण आमच्याकडे सल्ला विचारावयास आला. त्याच्या चुलत्याने एक जुनी जीपगाडी विकत घेतली आहे. ती चालविण्यास शिकावे कोठे, हा त्याचा प्रश्न. चुलता म्हणतो, ‘मी शिकवितो, पैसे कशाला घालवितोस?’ मित्र म्हणतात, ‘दलालाला गाठ, परवाना आधी हाती येऊ दे, चालविणे मागाहून येतेच.’ आई म्हणते, ‘मोटार स्कूलमध्ये रीतसर नाव घाल.’ आम्ही आईच्या बाजूने कौल दिला. पण हा प्रश्न आज एका घरचा राहिलेला नाही, म्हणून त्या कौलामागील कारण आपणा सर्वांपुढे मांडीत आहोत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटेखानी आत्मकथन आपणांपैकी पुष्कळांनी वाचले असेल. १९२९ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सभासद होते. मुंबईस परतताना एका सामाजिक बहिष्काराच्या चौकशीसाठी ते चाळीसगावी उतरले. महारवाड्यातील लोकांनी रात्रीच्या मुक्कामाचा आग्रह धरला. परंतु स्टेशनवरील एकही टांगेवाला त्यांना नेण्यास तयार होईना. पाहुण्याने पायी चालत यावे हे यजमानांच्या मनास रुचेना. अखेर तोड निघाली ती अशी की, टांगेवाल्याने टांगा भाड्याने द्यावा, पण हाकावा मात्र मंडळींपैकीच कोणी. मग टांगा हाकण्याची सवय नसलेल्या एका माणसाने लगाम हाती घेतला. वाटेत एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरील पुलाशी टांग्याचे चाक दगडावर आदळले, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले आणि घोडा टांग्यासकट खाली नदीत कोसळला. बाबासाहेबांचा पाय मोडला व त्यांना अंथरुणाला खिळून राहावे लागले.

या प्रसंगाचा एक अर्थ आपण नेहमी सांगतो. घोडागाडी हाकणारा हलक्या धंद्यातला माणूससुद्धा विलायतेत शिकून आलेल्या बॅरिस्टरापेक्षा स्वतःस श्रेष्ठ समजत होता, हा तो अर्थ, आणि तो खराच आहे. परंतु त्याच हकीकतीत आणखी एक गोष्ट आहे व ती सहसा कोणी बोलत नाही. यजमानांनी पाहुण्याच्या मानाचा विचार केला. त्याच्या जिवाचा विचार त्यांना सुचला नाही. हे बाबासाहेबांनी स्वतः नमूद केले आहे. त्या माणसाच्या मनात प्रेमाची काय कमतरता होती? परंतु प्रेमाने घोडा आवरत नाही. त्याकरिता हाताला वळण लागते.

त्या दिवशी आपल्या लोकांपुढे दुसरा मार्ग नव्हता, एवढे तरी त्यांच्या बाजूने म्हणता येईल. आज आपल्या बाजूने काय म्हणता येईल? विजयादशमीला व १४ ऑक्टोबरला नागपूरच्या वाटेवर, ६ डिसेंबरला दादरच्या वाटेवर, आपल्या गावोगावच्या जीपा व टेंपो रात्रभर धावतात. आत म्हाताऱ्या आया असतात, कडेवरची मुले असतात. त्यांपैकी किती जणांनी गाडीत बसण्यापूर्वी चालविणाऱ्याला विचारले असेल की, ‘बाबा रे, तू हे शिकलास कोठे?’ खिशात परवाना आहे एवढ्यावर आपण समाधान मानतो. तो परवाना जर दलालाने आणून दिलेला असेल, तर १९२९ चा तो टांगा आपण आपल्या हातांनी पुन्हा जुंपीत आहोत.

आता वाट कोणती ते पाहू. मोटारीसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण झाली की प्रथम शिकाऊ परवाना काढावयाचा. त्यासाठी रस्त्यावरील खुणा व नियम यांची परीक्षा असते आणि आता ती घरबसल्याही देता येते. इथेच पहिला मोह आहे. भाऊ उत्तरे सांगतो, शेजारी बटणे दाबतो, आणि नियमांचे अक्षर न वाचलेला माणूस उत्तीर्ण होतो! तो फसवितो कोणाला? शिकाऊ परवाना ६ महिने चालतो. ३० दिवस उलटल्यावर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. दरम्यान गाडीवर पांढऱ्या पाटीवर तांबडे ‘एल’ अक्षर हवे व शेजारी परवानाधारक शिक्षक बसलेला हवा. हे कोणाच्या मर्जीवर नाही, कायद्याने बांधलेले आहे.

मोटार स्कूलचा आग्रह आम्ही धरतो तो एका साध्या कारणाने. तेथील गाडीत शिक्षकाच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. चुलत्याच्या जीपमध्ये तो नसतो. शिवाय चुलता आपल्या सवयीही शिकवितो. क्लचवर पाय ठेवून बसण्याची, आरशात न पाहता गाडी बाहेर काढण्याची, वळणावर नुसता भोंगा वाजवून पुढे घुसण्याची! चुलत्याचा उपयोग नाही असे नाही. स्कूलचे शिक्षण झाल्यावर सरावासाठी त्याला अवश्य शेजारी बसवा.

मात्र स्कूलमध्ये नाव घातले म्हणजे काम झाले, असेही समजू नका. नियमांप्रमाणे हलक्या मोटारीचे शिक्षण किमान २१ दिवसांचे असावयास हवे व त्यात प्रत्यक्ष चालविण्याचे किमान १० तास हवेत. पैसे घेऊन आठ दिवस मैदानाभोवती फिरविणारी व ‘परीक्षेचे आम्ही पाहतो’ म्हणणारी स्कूले दलालाचीच भावंडे होत. एका कार्यालयाच्या दारात आम्हांलाच एकाने सांगितले होते, ‘साहेब, तुम्ही मैदानावर येऊच नका, सही तेवढी द्या.’ आपण आपले तास वहीत मांडून ठेवावे आणि कमी भरल्यास मागून घ्यावे. फी भरणाऱ्याचा तो हक्क आहे. आणि मुलग्याचे नाव घालताना मुलीचेही घाला. तिने मागच्या बाकावर बसूनच दीक्षाभूमीस जावे, असे कोणी ठरविले?

ज्यांना यावर पोट भरावयाचे आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. व्यावसायिक गाडीच्या परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ साली काढून टाकण्यात आली. तसेच ७,५०० किलोपर्यंतच्या भारासह एकूण वजनाची मालगाडी वा भाड्याची गाडी हलक्या मोटारीच्या परवान्यावर चालविता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निश्चित केले. गरिबीमुळे शाळा सुटलेल्या आपल्या कित्येक तरुणांना यामुळे दार उघडले आहे. परंतु परवाना नसलेल्या हातून अपघात घडला, तर विमा कंपनी जखमीला दिलेली भरपाई गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे काकाने घेतलेली जीप जाईल आणि तिच्यामागे घरही जाईल.

तो तरुण आता स्कूलमध्ये जातो. परवा भेटला तेव्हा खाली मान घालून म्हणाला की, चढावर थांबविलेली गाडी पुढे काढताना मागे घसरते, परीक्षेत नापास होईन असे वाटते. आम्ही त्यास सांगितले, नापास झालास तर सात दिवसांनी पुन्हा परीक्षा देता येते. पुन्हा जा. चढावर गाडी घसरावयाचीच असेल तर ती मैदानावर घसरू दे. तेथे मागे कोणी बसलेले नसते.